सेवा सुरू आहे, फोल्डर उघडत नाही : लिनक्सवरील फाइल शेअरिंगविषयी वाचकांचे प्रश्न

लिनक्स सर्व्हरवरून नेटवर्कवर फाइली वाटून देण्याच्या सेवांविषयी, म्हणजे मुख्यतः एनएफएस (लिनक्स-युनिक्स यंत्रांमध्ये फाइली वाटणारी सेवा) आणि सांबा (विंडोज यंत्रांना फाइली देणारी सेवा) यांविषयी, आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. कमांडींची आणि पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टंकताना ती अर्थातच रोमन लिपीत टंकावीत.

प्रश्न : आमच्या सर्व्हरवरील एक डिरेक्टरी एनएफएसद्वारे इतर यंत्रांना दिली आहे. ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’ने विचारले असता सेवा ‘ॲक्टिव्ह’ असल्याचे दिसते, पण शेजारीच ‘एक्झिटेड’ असेही लिहून येते. क्लायंटवरून, म्हणजे फाइली घेणाऱ्या यंत्रावरून, माउंट करू (ती डिरेक्टरी जोडून घेऊ) गेल्यास ‘नो रूट टू होस्ट’ असा संदेश मिळतो, मात्र पिंग व्यवस्थित चालते. सेवा चार वेळा रीस्टार्ट करून पाहिली. ती खरोखर चालू आहे की नाही?

उत्तर : चालू असण्याचीच शक्यता अधिक आहे, आणि ‘एक्झिटेड’ हा शब्द बिघाडाचा नाही. एनएफएस सर्व्हरचे खरे काम कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, थ्रेड (समांतर चालणारे कामाचे धागे) करतात. सेवा सुरू होताना चालणारा छोटा प्रोग्रॅम त्या थ्रेडांना कामाला लावतो आणि स्वतः बाहेर पडतो. सेवा सांभाळणारी सिस्टिमडी त्याच्या बाहेर पडण्याची नोंद दाखवते, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे सांबा किंवा वेब सर्व्हरच्या बाबतीत स्टेटसवर जितका भरवसा ठेवता येतो, तितका एनएफएसच्या बाबतीत ठेवता येत नाही. थ्रेड खरोखर उभे आहेत का हे ‘प्रॉक’खालील ‘एफएस’, त्याखालील ‘एनएफएसडी’ या डिरेक्टरीतील ‘थ्रेड्स’ ही फाइल वाचून कळते, पोर्ट २०४९ वर कोणी ऐकत आहे का हे ‘एसएस’ कमांड सांगते, आणि नेमके काय, कोणाला, कोणत्या अटींवर दिले आहे हे ‘एक्स्पोर्टएफएस’ला ‘व्ही’ हा पर्याय दिल्यावर दिसते. ही तीन उत्तरे ठीक असतील, तर सर्व्हरवरील सेवेकडे पाहणे थांबवावे.

आपल्याला आलेला संदेशच पुढचा रस्ता दाखवतो. ‘नो रूट टू होस्ट’ वाचून मनुष्य केबल आणि राउटर तपासू लागतो, परंतु पिंग चालत असताना हा संदेश आला तर तो बहुधा सर्व्हरवरील फायरवॉलचा असतो, कारण फायरवॉलडी ही फायरवॉल सेवा नको असलेली जोडणी गुपचूप गिळून न टाकता नकाराचा निरोप पाठवते आणि क्लायंट त्या निरोपाचे भाषांतर अशा दिशाभूल करणाऱ्या शब्दांत करतो. जोडणी गिळून टाकणारी फायरवॉल असेल, तर माउंट कमांड बराच वेळ ताटकळते आणि शेवटी ‘टाइम्ड आउट’ म्हणते. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे यंत्रापर्यंत पोहोचलो, पण त्या पोर्टवर कोणी नाही; सेवा खरोखर बंद असण्याची शंका या संदेशावरून घ्यावी. ‘ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर’ आले, तर सेवा जिवंत आहे आणि तिने कोणाला काय द्यायचे याच्या यादीत (एक्स्पोर्ट्स फाइलीत) पाहून तुम्हाला नाही म्हटले आहे. हे चार संदेश ज्याने ओळखले, त्याला रीस्टार्टची गरज क्वचितच पडते.

फायरवॉलमध्ये काय उघडायचे हे आवृत्तीवर ठरते. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीला टीसीपीचे २०४९ हे एकच पोर्ट पुरते. तिसऱ्या आवृत्तीला मात्र पोर्ट १११ वरील आरपीसीबाइंड आणि शिवाय माउंटडी, स्टॅटडी, लॉकडी या सोबती सेवांची गरज लागते, आणि त्यांची पोर्ट ठरवून दिली नाहीत तर ती बदलत राहू शकतात. यातून एक फसवी परिस्थिती उद्भवते : फक्त २०४९ उघडे ठेवल्यावर चौथ्या आवृत्तीचे माउंट नीट होते, पण ‘शोमाउंट’ कमांड अपयशी ठरते, कारण ती जुन्या सोबत्यांनाच विचारणा करते. शोमाउंट चालत नाही म्हणून सर्व्हर बंद आहे असा निष्कर्ष कृपया काढू नये.

रीस्टार्टविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. चौथ्या आवृत्तीचा सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर आधीच्या क्लायंटांना आपापली कुलुपे आणि उघड्या फाइलींचे हक्क परत मागता यावेत म्हणून काही काळ राखून ठेवतो; हा काळ मूळ मांडणीत ९० सेकंदांचा असतो आणि तेवढ्यात नव्याने फाइल उघडणारे अडकून पडल्यासारखे दिसतात. ते पाहून घाईने पुन्हा रीस्टार्ट केले, की घड्याळ पुन्हा शून्यावरून सुरू होते. आपण चार वेळा केलेला उपाय हाच काही काळ आपला आजार ठरला असण्याची शक्यता मी नाकारणार नाही. यादीत बदल केला असेल, तर रीस्टार्ट नको, ‘रीलोड’ पुरे; किंवा ‘एक्स्पोर्टएफएस’ला ‘आर’ आणि ‘ए’ हे पर्याय द्यावेत. केवळ ‘ए’ दिल्यास नव्या ओळी लागू होतात, पण फाइलीतून खोडलेल्या ओळी लागूच राहतात, आणि काढून घेतलेला हक्क प्रत्यक्षात काढलेला नसतो.

प्रश्न : एक्स्पोर्ट्स फाइलीत एकाच यंत्राला लिहिण्याचा हक्क दिला आहे. त्या यंत्रावरून लिहिता येत नाही, आणि ज्यांना काहीच दिलेले नाही अशा यंत्रांवरून लिहिता येते. असे उलटे कसे होऊ शकते?

उत्तर : यंत्राचा पत्ता आणि त्यापुढील कंस यांच्यामध्ये रिकामी जागा पडली आहे का, ते पाहावे. या फाइलीत रिकामी जागा म्हणजे नवा क्लायंट. पत्त्याला चिकटून कंस असेल, तर कंसातील ‘आरडब्ल्यू’ त्या पत्त्याला लागू होते. मध्ये जागा सुटली, तर पत्त्याला मूळ अटी मिळतात, म्हणजे फक्त वाचन, आणि सुटा पडलेला कंस साऱ्या जगाला लागू होतो. ‘एक्स्पोर्टएफएस’च्या तपशीलवार यादीत ‘वर्ल्ड’ हा शब्द दिसला, की हीच चूक आहे असे समजावे. एका रिकाम्या जागेवर सर्व्हरची सुरक्षा अवलंबून असावी ही रचना मला कधीच पटलेली नाही, पण ती तशी आहे, आणि म्हणून फाइलीत काय लिहिले आहे हे वाचण्यापेक्षा सर्व्हरने त्याचा काय अर्थ लावला आहे हे वाचण्याची सवय लावून घ्यावी.

प्रश्न : माउंट होते, पण फाइलींचे मालक चुकीचे दिसतात. एका क्लायंटवर माझ्या फाइली सहकाऱ्याच्या नावावर आहेत, दुसऱ्यावर ‘नोबडी’च्या. शिवाय क्लायंटवर रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) असूनही मला लिहिता येत नाही. यावर ‘नो रूट स्क्वॉश’ हा उपाय एकाने सुचवला. तो करावा का?

उत्तर : करू नये. आधी मालकीचा घोळ समजून घेऊ. नेहमीच्या मांडणीत क्लायंट सर्व्हरला नाव आणि पासवर्ड पाठवत नाही. ‘हा वापरकर्ता क्रमांक १००१ आहे’ एवढेच सांगतो आणि सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो. आपण एका यंत्रावर १००१ असाल आणि दुसऱ्यावर तोच क्रमांक सहकाऱ्याला मिळाला असेल, तर त्या यंत्राच्या दृष्टीने आपल्या फाइली त्याच्याच आहेत, आणि तो त्या पुसूही शकतो. हे केवळ दिसण्यापुरते नाही. सर्व यंत्रांवर वापरकर्त्यांचे आणि गटांचे क्रमांक एकसारखे ठेवणे, आणि यंत्रे मूठभरांहून अधिक असतील तर एलडॅपसारख्या एकाच नोंदवहीतून ते देणे, हाच यावरचा उपाय आहे. ‘नोबडी’ दिसण्याचे कारण थोडे निराळे असते : चौथ्या आवृत्तीत नावांचे रूपांतर करणाऱ्या आयडीमॅपडीच्या मांडणीत सर्व्हर आणि क्लायंट यांचे डोमेन वेगवेगळे लिहिले गेले, की ओळख जुळत नाही आणि मालक ६५५३४ या अनामिक क्रमांकावर जातो.

रूटला लिहिता न येणे ही चूक नसून मुद्दाम ठेवलेली अडवणूक आहे. क्लायंटवरील रूटला सर्व्हरने अनामिक मानावे, ही मूळ अट आहे. ‘नो रूट स्क्वॉश’ने ती काढली, तर ज्याच्या हाती कोणत्याही एका क्लायंटचे रूट आहे तो शेअरवर रूटच्या मालकीचा आणि सेटयूआयडी (चालवणाऱ्याऐवजी मालकाच्या हक्काने चालण्याची) खूण असलेला प्रोग्रॅम ठेवू शकतो, आणि तो जिथे चालेल तिथे रूट होऊन चालेल. बॅकअपसारख्या कामासाठी खरोखर गरज असेल, तर ती सवलत फक्त त्या एका यंत्राच्या पत्त्याला द्यावी. सगळ्यांनी एकाच सामायिक डिरेक्टरीत टाकायचे असेल, तर उलट दिशेने जावे : ‘ऑल स्क्वॉश’ लावून, म्हणजे सगळ्यांनाच अनामिक मानून, ‘अनॉनयूआयडी’ आणि ‘अनॉनजीआयडी’मध्ये त्या डिरेक्टरीच्या मालकाचे क्रमांक द्यावेत.

गटाचा हक्क असूनही एखाद्यालाच लिहिता येत नसेल, तर तो किती गटांत आहे ते मोजावे. या जुन्या ओळखपद्धतीत एका विनंतीबरोबर जास्तीत जास्त १६ पूरक गट जातात. सतरावा गट सर्व्हरला कळतच नाही. सर्व्हरवरील माउंटडीला ‘मॅनेज जीआयडीज’ हा पर्याय दिल्यास सर्व्हर क्लायंटने पाठवलेली यादी बाजूला ठेवून गट स्वतःच्या नोंदींतून शोधतो.

प्रश्न : देखभालीसाठी एनएफएस सर्व्हर अर्धा तास बंद ठेवला. त्या काळात सर्व क्लायंट गोठले, ‘डीएफ’ कमांडसुद्धा परत येईना, एक यंत्र तर सुरूच होईना. ‘सॉफ्ट’ माउंट केल्यास हे टळेल असे वाचले. आणखी एक कोडे : सर्व्हरवर सेवा चालू असताना डिस्क अनमाउंट करू गेलो, तर ‘टार्गेट इज बिझी’ आले, पण ‘एलएसओएफ’ने एकही प्रोसेस दाखवली नाही.

उत्तर : गोठणे हे एनएफएसने दिलेले वचन पाळणे आहे. मूळ मांडणीत माउंट ‘हार्ड’ असते, म्हणजे सर्व्हर परत येईपर्यंत क्लायंट विनंती पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि प्रोग्रॅमला चूक कळवत नाही. सर्व्हर परतला, की प्रोग्रॅम जिथे थांबला होता तिथून पुढे चालू लागतो, जणू मध्ये काही घडलेच नाही. ‘सॉफ्ट’ केल्यास ठरावीक प्रयत्नांनंतर चूक कळवली जाते; आणि लिहीत असलेल्या प्रोग्रॅमने ती चूक नीट तपासली नाही, तर अर्धवट फाइल पूर्ण समजून पुढे जाणे त्याला सहज शक्य असते. गोठलेले यंत्र डोळ्यांना दिसते. बिघडलेली फाइल मात्र कदाचित सहा महिन्यांनी दिसते. केवळ वाचनासाठी असलेल्या शेअरवर सॉफ्ट चालेल. जिथे लिहिले जाते तिथे मी ते लावत नाही.

‘टाइमओ’ या पर्यायाचे एकक सेकंदाचा दहावा भाग आहे, हेही येथे सांगितलेले बरे. ६०० लिहिले असेल, तर ती साठ सेकंद होतात, दहा मिनिटे नव्हेत. ‘इंटर’ हा पर्याय जुन्या लेखांतून अजूनही नकलला जातो, पण कर्नल २.६.२५ पासून त्याचा काहीही परिणाम होत नाही. अडकलेल्या प्रोसेसला ‘किल’चा नववा सिग्नल देता येतो, तो मात्र लागू पडतो.

यंत्र सुरूच न होण्याचा दोष एफएसटॅब या, सुरू होताना काय माउंट करायचे ते सांगणाऱ्या, फाइलीतील ओळीचा आहे. तिथे ‘नोफेल’ लिहिल्यास माउंट न झाले तरी यंत्र उभे राहते, आणि ‘एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट’ लिहिल्यास कोणी त्या डिरेक्टरीत पाऊल टाकेपर्यंत माउंटचा प्रयत्नच होत नाही. दुसरा पर्याय मला अधिक आवडतो, कारण सर्व्हर आणि क्लायंट एकाच वेळी वीज गेल्यावर कोणत्या क्रमाने उठतील हे आपल्या हाती नसते. ‘डीएफ’ अडकते ते सर्व माउंटांना जागा विचारत फिरते म्हणून. त्याला ‘एल’ हा पर्याय दिल्यास ते फक्त स्थानिक डिस्क पाहते आणि लगेच परत येते.

आता आपले कोडे. पहिल्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे एनएफएसचे काम कर्नल करतो. ‘एलएसओएफ’ आणि ‘फ्यूजर’ प्रोसेस शोधतात, आणि इथे डिस्क धरून ठेवणारी प्रोसेसच नाही. म्हणून दोन्ही कमांडी रिकाम्या हाताने परततात. आधी ‘एक्स्पोर्टएफएस’ला ‘यू’ पर्याय देऊन ती डिरेक्टरी वाटपातून काढावी, मग अनमाउंट करावे. तरीही सोडत नसेल, तर उघड्या फाइलींची स्थिती सर्व्हरच्या स्मरणात असते आणि सेवा थांबवणे हाच सरळ मार्ग उरतो. चौथ्या आवृत्तीचे कोणते क्लायंट जोडलेले आहेत आणि त्यांनी काय उघडून ठेवले आहे, हे कर्नल ५.३ पासून थ्रेड्स फाइलीच्या शेजारी असलेल्या ‘क्लायंट्स’ डिरेक्टरीत पाहता येते. देखभालीपूर्वी ती यादी वाचून त्या मंडळींना निरोप द्यावा. त्यांच्याकडे आधी अनमाउंट झाले, तर अर्धा तास गोठण्याचा प्रसंगच येत नाही. आणि देखभालीत डिस्क बदलून नवी फाइल सिस्टिम तयार केली असेल, तर क्लायंटवर ‘स्टेल फाइल हँडल’ हा संदेश येणारच, कारण त्यांच्याकडील हँडल जुन्या डिस्कवरच्या फाइलींची आहेत. तिथे अनमाउंट करून पुन्हा माउंट करण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रश्न : सांबावर एक सामायिक फोल्डर आहे. एकाने ठेवलेली फाइल त्याच गटातील दुसऱ्याला बदलता येत नाही. घरच्या डिरेक्टरीतून हलवून आणलेले काही फोल्डर तर रिकामेच दिसतात. लिनक्सचा पासवर्ड बदलला, तरी विंडोजवरून जुनाच चालतो. आणि एका जुन्या स्कॅनरला हे शेअर दिसतच नाही. हेच फोल्डर पुढे एनएफएसनेही देण्याचा विचार आहे.

उत्तर : पत्रात पाच प्रश्न आहेत, आणि त्यांची कारणेही वेगवेगळी आहेत.

गटाचा प्रश्न मास्कचा आहे. सांबा नव्या फाइलीच्या परवानग्या ‘क्रिएट मास्क’मधून गाळून घेते आणि त्याची मूळ किंमत ०७४४ असते, म्हणजे गटाला फक्त वाचन उरते. शेअरच्या विभागात ‘क्रिएट मास्क’ ०६६४ आणि ‘डिरेक्टरी मास्क’ २७७५ करावा, ‘फोर्स ग्रुप’मध्ये गटाचे नाव द्यावे आणि फोल्डरवर सेटजीआयडी खूण लावावी, म्हणजे आतील नव्या फाइलींना फोल्डरचाच गट मिळतो. जुन्या फाइलींना हे आपोआप लागू होत नाही. त्यांचे गट आणि हक्क एकदा हाताने बदलावे लागतील. मांडणी बदलल्यावर आधी चुका तपासणारे ‘टेस्टपार्म’ चालवावे आणि मग ‘एसएमबीकंट्रोल’ने चालू प्रोसेसना मांडणी पुन्हा वाचायला सांगावे. येथेही रीस्टार्ट नको, त्याने लोकांच्या उघड्या फाइली तुटतात. आधी ‘एसएमबीस्टेटस’ पाहिले, तर कोणाच्या तुटतील हेही कळते. रीस्टार्ट करावाच लागला, तर सेवेचे नाव रेड हॅटच्या घराण्यात ‘एसएमबी’ आणि डेबियनच्या घराण्यात ‘एसएमबीडी’ आहे, हे ध्यानात असू द्यावे.

रिकाम्या दिसणाऱ्या फोल्डरांमागे एसईलिनक्स (फाइलींना लावलेल्या लेबलांवरून प्रवेश ठरवणारी लिनक्सची सुरक्षाव्यवस्था) असण्याची शक्यता मोठी आहे. ‘एमव्ही’ने हलवलेली फाइल आपले जुने लेबल सोबत घेऊन येते, ‘सीपी’ने केलेली प्रत नव्या जागेचे लेबल घेते. म्हणून प्रत केलेले दिसते आणि हलवलेले दिसत नाही. ‘सेमॅनेज’च्या ‘एफकॉन्टेक्स्ट’ने त्या मार्गाला ‘सांबा शेअर टी’ हे लेबल नोंदवावे आणि ‘रीस्टोरकॉन’ने लागू करावे. ‘सीएचकॉन’ने काम तात्पुरते होते, पण पुढच्या वेळी लेबले पुन्हा लावली गेली की ते पुसले जाते. एसईलिनक्स पूर्ण बंद करणे हा सल्लाही आपल्याला मिळेल. शंका तपासण्यापुरते दोन मिनिटे ते ढिले करून पाहायला हरकत नाही, नंतर पुन्हा लावावे.

पासवर्डाचे कारण असे, की विंडोज ज्या पद्धतीने पासवर्ड पडताळते तिला लिनक्सच्या नोंदीतील हॅश (पासवर्डाचे गुप्त रूप) उपयोगी पडत नाही, म्हणून सांबा स्वतःची वेगळी नोंद ठेवते. ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ने तिथेही बदल करावा. कर्मचारी सोडून गेल्यावर लिनक्सचा पासवर्ड बंद करून थांबणाऱ्यांनी ‘पीडीबीएडिट’ला ‘एल’ (कॅपिटल अक्षर) पर्याय देऊन यादी एकदा वाचावी. त्यांना तिथे जुनी नावे भेटण्याचा संभव आहे.

स्कॅनर बहुधा एसएमबी या विंडोजच्या फाइल-वाटप पद्धतीची पहिली आवृत्तीच जाणतो. २०१९ मध्ये आलेल्या सांबा ४.११ पासून ती मूळ मांडणीत बंद आहे. मे २०१७ मधील वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम विंडोजमधील याच आवृत्तीच्या दोषावरून पसरला होता. एका स्कॅनरसाठी संपूर्ण सर्व्हरची किमान आवृत्ती खाली आणू नये. स्कॅनरला एफटीपी किंवा ईमेलने फाइल पाठवता येत असेल तर तसे करावे, नाहीतर त्याच्यासाठी वेगळ्या छोट्या यंत्रावर स्वतंत्र शेअर काढावे आणि तिथून फाइली मुख्य सर्व्हरने ओढून घ्याव्यात.

तेच फोल्डर दोन्ही मार्गांनी देता येते, पण वाचण्यापुरतेच द्यावे, असे माझे मत आहे. सांबा विंडोज क्लायंटला ऑपलॉक देते, म्हणजे ‘ही फाइल सध्या तुझ्या एकट्याकडे आहे, हवी तर तुझ्याजवळच साठवून ठेव’ अशी मुभा देते. त्याच वेळी एनएफएसकडून कोणी ती फाइल बदलली, तर मूळ मांडणीत सांबाला ते कळत नाही आणि दोघांपैकी एकाचे काम पुसले जाते. दोन्हीकडून लिहिणे अटळच असेल, तर त्या शेअरपुरते ‘ऑपलॉक्स’ बंद करावे. वेग काहीसा कमी होईल. एनएफएसने माउंट केलेली डिरेक्टरी त्याच क्लायंटवरून सांबाने पुढे वाटण्याची कल्पना कोणी मांडल्यास ती सोडून द्यावी आणि सांबा मूळ सर्व्हरवरच बसवावी.